वाट नसलेला किनारा

महाशिवरात्रीच्या यात्रेस देवगड तालुक्यातील कुणकेश्वरी जे गेले असतील, त्यांस तेथील समुद्रस्नानाचा सोहळा वर्णन करून सांगावयास नको. गावोगावच्या देवस्वाऱ्या वाद्यांच्या गजरात येतात, देव समुद्रात स्नान करतात आणि देवांबरोबर माणसेही. गोकर्णास जाणारा यात्रिक आधी समुद्रस्नान करतो आणि मग महाबळेश्वराच्या दर्शनास वळतो. नारळी पौर्णिमेचा नारळ, विसर्जनाची मूर्ती, वाडवडिलांच्या अस्थी, ह्या सर्वांस किनारपट्टीच्या गावात एकच वाट ठाऊक असते. घराच्या मागील दारातून निघून, माडांच्या बागेतून, वाळूच्या टेकाडास वळसा घालून ती पाण्यापर्यंत जाते. ह्या वाटेस बहुधा नाव नसते आणि पुष्कळदा कोणत्याही दप्तरात तिची नोंदही नसते. ह्या लेखाचा विषय ती वाट हाच आहे.

परामर्श घ्यावयाचा तो मात्र सरकारी लेखनाचा: किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांचा, आणि त्यांच्या आधारे गोव्यासाठी तयार झालेल्या किनारी आराखड्याचा. संस्कृतीस वाहिलेल्या पत्राने अधिसूचना कशास वाचावी, अशी शंका कोणी काढील. आमचे उत्तर असे की, आपल्या गावाचे रूप आज जितके ह्या रुक्ष वाक्यांनी ठरते तितके कोणत्याही काव्याने ठरत नाही. कवितेत एखादा शब्द चुकला तर रसभंग होतो; अधिसूचनेत चुकला तर एखाद्या गावाची वाट बंद होते. तेव्हा हे लेखनही बारकाईने वाचले पाहिजे.

ह्या लेखनामागील हेतू चांगला होता, हे प्रथम मान्य करू. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून, भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवावा असे कळविले. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन अधिसूचना निघाली. पुढे ६ जानेवारी २०११ व १८ जानेवारी २०१९ रोजी तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, हा मूळचा दंडक. २०१९ साली दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी तो ५० मीटरांवर आणला गेला. ह्या बदलावर पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु त्या चर्चेत एक गोष्ट मागे पडली. बांधकाम किती दूर असावे ह्याचे मोजमाप झाले. माणसाने पाण्यापर्यंत कोठून जावे, हे कोणी मोजले नाही.

अधिसूचनेत लोकांच्या वाटेचा विचार मुळीच नाही, असे नव्हे. समुद्रकाठच्या हॉटेलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जोडली आहेत, त्यांत एक कलम आहे. त्याचा आशय असा: लोकांस किनाऱ्यावर जाता यावे म्हणून कोणत्याही दोन हॉटेलांच्या मध्ये निदान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, आणि अशा मोकळ्या जागांमधील अंतर कोणत्याही परिस्थितीत ५०० मीटरांपेक्षा कमी असू नये. वाचकांनी शेवटचे शब्द पुन्हा वाचावेत. ‘कमी असू नये’! लोकांची सोय हा हेतू असेल, तर येथे ‘अधिक असू नये’ असेच म्हणावयास हवे होते. छापलेल्या शब्दांप्रमाणे चालावयाचे तर दर २०० मीटरांवर वाट मागणारे गाव नियमभंग करू पाहते. उलट एकाच हॉटेलाचे आवार दोन किलोमीटर पसरले आणि त्यात एकही वाट नसली, तरी ह्या कलमाचा भंग होत नाही. हे वाक्य १९९१ साली लिहिले गेले आणि २० वर्षांनी, २०११ च्या अधिसूचनेत, तसेच उतरविले गेले. ह्यास आम्ही केवळ भाषेची चूक म्हणत नाही. ज्यास त्या वाटेने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन जावयाचे आहे, असा माणूस मसुदा वाचणाऱ्यांत असता, तर ती चूक पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

त्या कलमातील दुसरी उणीव अधिक खोल आहे. त्यात मोकळ्या जागेची रुंदी आहे. परंतु ती जागा गावच्या रस्त्यास जोडलेली असावी की नाही, तिची देखभाल कोणी करावी, तिच्या तोंडाशी फाटक लावता येईल की नाही, ह्याविषयी ते मूक आहे. दोन्ही टोके बंद असलेली २० मीटरांची पट्टीही त्या शब्दांत बसते. कुंपणाने लोकांच्या किनाऱ्याकडील वाटेस अडथळा होऊ नये, असे अन्यत्र म्हटले आहे, हे खरे. परंतु मुळात वाट कोठे आहे हेच लिहिलेले नसेल, तर कुंपणाने काय अडविले हे सिद्ध कसे करावयाचे?

येथे नकाशाचा प्रश्न येतो. किनारी आराखड्याच्या स्थानिक नकाशांचे प्रमाण एकास ४००० असे धरतात. दोन मीटर रुंदीची पायवाट अशा नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा होते. भरती-ओहोटीच्या रेषा, वाळूच्या टेकड्या, कांदळवने, खाजने ही त्यावर दाखवावयाची. मच्छीमारांच्या वस्त्या व त्यांच्या सामाईक जागा दाखवावयाच्या. रस्ते, शाळा, दवाखानेही दाखवावयाचे. ही यादी आस्थेने केलेली आहे. परंतु रस्ता जेथे संपतो तेथून वाळू जेथे लागते तेथपर्यंतची पायवाट तीत स्वतंत्रपणे सांगितलेली नाही. गोव्याच्या आराखड्याची मार्च २०२१ मधील जाहीर सुनावणी वादग्रस्त ठरली आणि जुलैत ती पुन्हा घ्यावी लागली. लोकांचा रोष त्यांस उगाच आलेला नव्हता. आपल्या गावाचा नकाशा आपणांस दुसऱ्याने काढून दाखवावा, आणि त्यात आपली वाट नसावी, ह्याहून अधिक परकेपणा कोणता?

वाट नोंदलेली असूनही काय होते, ह्याचे उदाहरण आमच्या राजधानीच्या वेशीवरच आहे. ताळगावच्या हद्दीतील वायंगिणी किनाऱ्यालगत एका हॉटेलास सरकारने जमीन संपादून दिली. १९८३ च्या करारात किनाऱ्याकडील वाट लोकांस मोकळी ठेवण्याची अट होती. पुढे बांधकाम वाढले आणि वाट अडली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी लोकांचा हक्क उचलून धरला आणि अडथळा करणारे बांधकाम काढण्यास सांगितले. वीस-पंचवीस वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेला हा न्याय. परंतु त्याच वर्षी राज्याने भूसंपादनाच्या कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि पाडावयाच्या त्या बांधकामास अभय मिळाले. लोकांची वाट राखावयाची ज्याने, त्यानेच ती अडविणाऱ्याच्या बाजूस उभे राहावे, ही गोष्ट आम्हांस त्या हॉटेलाच्या वर्तनापेक्षाही अधिक क्लेशदायक वाटते.

त्या निकालात न्यायालयाने ज्या तत्त्वाचा आधार घेतला, ते आमच्या वाचकांस समजावयास कठीण नाही. सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या कायदेसंग्रहात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा ही सर्वांची सामाईक मानली आहेत. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९९६ च्या अखेरीस, हिमाचलातील बियास नदीच्या एका खटल्यात, भारतीय कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले: अशा संपत्तीचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे. देवस्थानाचे व्यवहार पाहिलेल्या माणसास हे निराळे शिकवावयास हवे काय? देवाची जमीन देवाच्या नावे असते. महाजन तिची व्यवस्था पाहतात, हिशेब ठेवतात, उत्पन्न वाढवितात. पण तिचे धनी होत नाहीत. देवाच्या पालखीची वाट विकून देवळाच्या शिखरास सोन्याचा पत्रा चढविणारी समिती कोणत्याही महाजनसभेत क्षणभरही टिकणार नाही. समुद्राच्या बाबतीत सरकारकडून आम्ही ह्याहून अधिक काही मागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचाही विचार करू. पर्यटनावर गोव्यातील असंख्य घरांची चूल पेटते. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले हॉटेलांत नोकरीस आहेत, कित्येकांची स्वतःची खानावळ किंवा पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. वाट मोकळी सोडली की तिच्यावरून कचरा येतो, मद्यपी येतात, रात्री-अपरात्री गोंगाट होतो, ही जमीनमालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून २०११ च्या अधिसूचनेत नावानिशी आले आहेत. तेथे रात्री दिवे व गर्दी नकोच. वाळूच्या टेकाडावरून सरळ पाय तुडवीत गेल्यास त्यांवरील मर्यादवेल मरते, आणि ती वेल गेली की वाळू वाऱ्यावर जाते. म्हणूनच ‘सर्वत्र मोकळे सोडा’ एवढी घोषणा पुरेशी नाही. वाट कोठून जावी, किती रुंद असावी, गाडी कोठे थांबावी, म्हाताऱ्या माणसास हातास धरावयास कठडा कोठे लागेल, कोणत्या महिन्यांत ती रात्री बंद राहावी, हे ठरवावे लागेल. योजना हवी ती ह्यासाठीच. आणि हे बारकावे दूरच्या कार्यालयातील नकाशाकारास ठाऊक नसतात, गावास असतात.

‘गाव’ म्हणताना आम्ही कोणास मोजतो, हा प्रश्न मात्र स्वतःस प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. वर्षातून चार दिवस किनाऱ्यावर जाणाऱ्या आम्हांपेक्षा रांपणकाराचा त्या वाळूवर अधिक अधिकार आहे. रांपण ओढावयास दोन्ही अंगांस माणसांच्या रांगा लागतात आणि त्यांस मोकळी, लांब वाळू लागते. जेथे खाटा व छत्र्या दाटीने मांडल्या तेथे रांपण ओढता येत नाही. तो रांपणकार हिंदू असेल, ख्रिस्ती असेल; समुद्रास त्याचे काही नाही. आणि ‘सार्वजनिक’ ह्या शब्दाचा आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही, हेही विसरू नये. मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले झाल्याचे ठरविले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी पिईपर्यंत तो ठराव कागदावरच राहिला, आणि त्यानंतरही त्यांस मार खावा लागला. हॉटेलाच्या फाटकावर अडविले जाण्याचा अपमान आज आपणांस झोंबत असेल, तर तो अपमान ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आपल्याकडून सोसला त्यांची आठवण ठेवूनच आपण बोलावे.

दुसरा दोषही आमच्याच पदरी आहे. विसर्जनानंतरच्या सकाळी किनाऱ्यावर फेरी मारून पाहावी. प्लास्टरच्या मूर्तींचे अवयव, थर्माकोलची मखरे, निर्माल्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या भरतीने परत आणून टाकलेल्या असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्या सुधारल्या. देवळातील सूचनाफलकावर त्या कितीशा वाचावयास मिळतात? वाट मागणाऱ्याने ती स्वच्छ राखण्याची हमी दिली, तर त्याच्या मागणीस वजन येईल.

गावाने योजना करावयाची ही कल्पना आम्हांस परकी नाही. १५२६ सालच्या फोरालात पोर्तुगीजांनी ज्या गावकरीच्या रूढी लिहून घेतल्या, ती संस्था त्यांच्या आगमनापूर्वीचीच होती. बांध कोणी बांधावा, मानशीचे दार केव्हा उघडावे, देवळास उत्पन्नाचा कोणता वाटा द्यावा, हे ती ठरवीत असे. त्या व्यवस्थेत सर्वांस सारखे स्थान नव्हते. म्हणून तिचे पुनरुज्जीवन करा असे आम्ही म्हणत नाही. आजचे व्यासपीठ ग्रामसभेचे. प्रादेशिक योजना २०११ लोकांच्या चळवळीमुळे जानेवारी २००७ मध्ये मागे घ्यावी लागली; तिच्या नंतरच्या योजना २०२१ चा मसुदा गावोगावी पाठवून ग्रामस्थांच्या सूचना मागविण्यात आल्या. माणसे नकाशे पसरून बसली, शेत कोणते, डोंगर कोणता, ओहोळ कोणता, ह्यावर वाद घालू लागली. ती योजना २०१२ साली स्थगित झाली, परंतु सामान्य ग्रामस्थास नकाशा वाचता येतो, हे त्या खटाटोपाने सिद्ध केले.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. केरीपासून पोळेपर्यंत प्रत्येक किनारी गावाने आपल्या वाटांची एक नोंदवही करावी. एखाद्या रविवारी गावातील वृद्ध, रांपणकार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, देवळाचे पुजारी आणि शाळेतील मुले ह्यांनी मिळून त्या वाटा चालून पाहाव्यात. प्रत्येकीचे नाव, लांबी, रुंदी, तिच्यावरून कोण जाते व कशासाठी जाते, हे लिहावे. ती नोंद ग्रामसभेच्या ठरावात घ्यावी आणि आराखड्याच्या पुढील उजळणीत नकाशावर चढविण्याचा आग्रह धरावा. ज्या देवस्थानांच्या जमिनी किनाऱ्यालगत आहेत त्यांनी आपल्या आवारातील वाट प्रथम नोंदवून उदाहरण घालून द्यावे. आणि अधिसूचनेतील ‘कमी’ हा शब्द बदलून तेथे ‘अधिक’ घालावा, एवढी एक दुरुस्ती दिल्लीस लिहून मागावी. तीस खर्च लागत नाही.

हे काम लवकर केले पाहिजे. वाटा ज्यांस पायांनी पाठ आहेत अशी माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या मागून विचारावयास गेलो, तर कुंपणाच्या ह्या बाजूस उभे राहून समुद्राचा आवाज तेवढा ऐकू येईल.