भाल्याचा दांडा आणि फाशांचे नियम

लांब दांड्याच्या शस्त्राची सारी ताकद अंतरात असते. शत्रू टोकापलीकडे आहे तोवर भालाईत वरचढ. तो टोक चुकवून आत घुसला की तोच भाला हातात अडचण होतो. टेबलावर फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांना मी याच कसोटीवर घासतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांना या शस्त्रांचे वेड होते. १९७८च्या ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये त्यांनी युरोपातले नाना प्रकारचे भाले-परशू मांडले, प्रत्येकाची लांबी दिली, फिरवायला लागणारी जागा दिली, संथपणाचा आकडाही दिला. खंजिराचा २, लांबलचक ऑल पाइकचा १३. तक्ते किचकट होते, पण विचार खरा होता. याच खेळाच्या २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत लांब पल्ल्याच्या शस्त्राने अंगाला भिडलेल्या शत्रूवर वार करता येत नसे. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हा नियम काढून टाकला, २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही तो नाही, आणि ते मला फार खटकते. पाचवीत ग्लेव्ह आणि हॅलबर्ड या लांब दांड्याच्या दोन पात्यांच्या शस्त्रांची किंमत, वजन, इजा, पल्ला सगळे एकच. साध्या भाल्याचा पल्ला तर खंजिराइतकाच, पाच फूट! २०२४च्या सुधारणेने शस्त्रांना वेगवेगळे डाव दिले, अंतर मात्र परत आणले नाही.

१९७८च्याच ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळामध्ये लांब शस्त्राला आधी वार मिळतो. त्याचे एक कर्ते स्टीव्ह पेरिन स्वतः चिलखत चढवून सरावाच्या लढाया लढत. तो अनुभव नियमात दिसतो. ‘गर्प्स’ या खेळात हॅलबर्ड एकदा फिरवले की बेताच्या ताकदीच्या माणसाला ते पुन्हा सावरून धरावे लागते. मला हे दोन्ही खेळ सर्वात प्रामाणिक वाटतात.

तरीही दांड्याकडे कोणी पाहत नाही. आपल्याकडच्या दांड्याचेच पाहा: चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः मानवेल बांबू वाढतो. कोरड्या जमिनीवर तो जवळजवळ भरीव होतो, आणि हलका असून लवचीक राहतो. मराठा स्वारांच्या भाल्यांना बांबूचेच दांडे असत. ब्रिटिश लान्सर पलटणींनीही १८६८च्या नमुन्यात बांबू स्वीकारला. लाकडी दांड्याऐवजी बांबू घेतला तर भाला किती चपळ होतो, याला या नियमपुस्तकांत एकही आकडा नाही. मराठ्यांचा विटा तर तिथे नाहीच: मनगटाला दोरी बांधलेला आखूड भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. म्हणजे फेकल्यावरही हातातून न सुटणारे शस्त्र. त्याला नियम लिहायचा तर दोरीची लांबी हाच पल्ला धरावा, आणि दोरी शत्रूच्या हाती लागली तर काय, हेही ठरवावे. सरावासाठी आपल्याकडे बोथाटी होती. तिच्या टोकाचा रंगात बुडवलेला गोळा अंगावर लागला की वार कुठे बसला ते दिसे.

चंद्रपूरच्याच ताडोब्याच्या बांबूबनात लढाई मांडणाऱ्या खेळाडूंना गायगॅक्स यांचा जागेचा रकानाच पुन्हा उघडावा लागेल. बांबूच्या दोन बेटांमध्ये हॅलबर्ड आडवे फिरणारच नाही. भाला मात्र सरळ खुपसता येईल. असा वार करणाऱ्याला तिथे फाशावर अधिक गुण मिळायला हवेत.