'स्मृतिचित्रे'मधील श्रद्धाबोध : घर, पाणी आणि दृष्टान्त

प्रास्ताविक

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची चर्चा होते ती प्रामुख्याने तीन गुणांच्या आधारे: बोलीची सहजता, निर्मळ विनोद आणि रेव्हरंड ना. वा. टिळक या विलक्षण पतीचे व्यक्तिचित्र. हे तिन्ही गुण खरेच आहेत. परंतु हा ग्रंथ एका श्रद्धावान ख्रिस्ती स्त्रीने लिहिला आहे ही बाब मराठी समीक्षेने बहुधा चरित्रात्मक तपशील म्हणून नोंदवली आणि ती पुढे गेली. ख्रिस्ती वाचकांचा कल याच्या उलट दिसतो. तेथे ग्रंथ 'साक्ष' म्हणून वाचला जातो, म्हणजे धर्मांतराचा प्रसंग तेवढा केंद्रस्थानी येतो आणि बाकीचे सारे घरगुती निवेदन त्याची पार्श्वभूमी ठरते. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही वाचने संसार आणि श्रद्धा यांना वेगळे काढतात. लक्ष्मीबाईंनी मात्र ते वेगळे काढलेले नाहीत. त्यांची श्रद्धा जेथे घडते ती जागा स्वयंपाकघर, पाण्याचा हंडा आणि दारात आलेले पोरके मूल हीच आहे. प्रस्तुत लेखात या जागेचा विचार करावयाचा आहे.

साक्षीचे पूर्वसूरी

लक्ष्मीबाईंच्या आधी मराठी ख्रिस्ती आत्मनिवेदनाची एक परंपरा तयार झाली होती. तिचा आद्य नमुना म्हणजे बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय'. बेळगावात जन्मलेले, १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले आणि पुढे पुण्याच्या मंडळीत पाळक म्हणून काम केलेले पदमनजी हे ग्रंथांतून धर्मांतराकडे आलेले गृहस्थ होत. शाळा, पुस्तके, वादविवाद, शंका आणि शंकानिरसन अशा पायऱ्यांनी त्यांचे निवेदन चढत जाते. त्यात घर येते ते बहुतांशी अडथळा म्हणून.

पंडिता रमाबाईंची साक्ष (१९०७) वेगळ्या जातीची आहे. १८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच पुण्यात वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाशी त्यांचा परिचय झाला, त्याच ओळखीने त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई प्रकांड पंडिता होत्या. तरीही आपल्या मनाला खरा वळसा शास्त्रार्थाने दिला असे त्या सांगत नाहीत. फुलम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची भगिनींनी चालवलेली सेवा त्यांनी पाहिली. ही दया कोठून आली, असा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली. हा तपशील महत्त्वाचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील ती कथा विहिरीच्या काठावर घडते आणि तिचा आरंभ एका साध्या मागणीने होतो. एक यहुदी पुरुष शोमरोनी स्त्रीजवळ पिण्यास पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे याचे नियम त्या समाजातही ठरलेले होते. ब्राह्मण कुटुंबात वाढलेल्या स्त्रीला ही कथा समजावून सांगण्यासाठी टीपेची गरज पडली नसावी.

पाण्याचा प्रश्न

त्या काळच्या पुण्यात पाणी आणि चहा हे धर्मशास्त्राचे विषय होते. लक्ष्मीबाईंचा जन्म झाला त्याच १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेथून जवळच गुरुवार पेठेत ज्या मिशनची वसाहत उभी राहिली, तिचे नावच पंचहौद. याच पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये झालेल्या एका सभेनंतर न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीमुळे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य माजले. अखेर रानड्यांसारख्या सुधारकाग्रणीनेही प्रायश्चित्त घेतले. उच्चविद्याविभूषित पुरुषांच्या या मेळ्यात तत्त्वाची उणीव नव्हती. पण तत्त्व एका पेल्यापाशी येऊन अडले.

'स्मृतिचित्रे'चा आरंभ या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानात येते. लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन करतात. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली, त्या धक्क्यानंतर त्यांना सोवळ्याचे वेड लागले आणि ते घरात येणारा जिन्नसन् जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेण्यापर्यंत गेले. हे वर्णन वाचताना वाचक हसतो, आणि समीक्षकांनी त्याची गणना विनोदाच्या खात्यात केली आहे. धुतलेले मीठ विरघळून जाते, यात विनोद आहेच. परंतु हे भीतीचे चित्र आहे हेही दृष्टीआड करता येत नाही. एका राजकीय हत्येचा धक्का पचवू न शकलेला मनुष्य जगाला पाण्याने धूत बसतो आणि त्या धुण्याचा भार घरातील बायका-मुलांवर पडतो.

ग्रंथाच्या पुढील भागात याच मुलीच्या हातात पाण्याचा प्रश्न पुन्हा येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या. पण आपला स्वयंपाक आणि आपले सोवळे त्यांनी निराळे ठेवले. ही तडजोड टिळकांनी मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण होय. या मधल्या अवस्थेत लक्ष्मीबाईंच्या मनात जो पालट झाला तो कोणा प्रवचनकाराने घडवलेला नाही. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला. प्राण्यांच्या जाती देवाच्या, माणसांतील जाती माणसांच्या, अशा घरगुती तर्काने त्या निर्णयाला आल्या आणि कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम लक्षणीय आहे. पदमनजींच्या निवेदनात आधी सिद्धांत पटतो आणि मग आचार बदलतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचार बदलला आणि त्या बदलाला साजेसे नाव त्यांना मागाहून मिळाले. पंचहौदात जे विद्वत्तेला साधले नाही ते एका जेमतेम अक्षरओळख असलेल्या स्त्रीने गाजावाजा न करता केले. अर्थात दोहोंची तुलना मर्यादेनेच करावी लागेल. रानड्यांच्या मागे घर आणि सार्वजनिक कार्याचा पसारा होता. लक्ष्मीबाईंचे गमवायचे होते ते त्या आधीच गमावून बसल्या होत्या.

दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक

दैनंदिन प्रसंगातून श्रद्धेचा बोध काढण्याची पद्धत शुभवर्तमानांत जुनीच आहे. मीठ, दिवा, खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री, ही सारी सामग्री घरातली आहे. मराठीलाही ही रीत परकी नाही. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'ची रचना त्रिपदी आहे: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्रात तत्त्व, दृष्टान्तात गोष्ट आणि दार्ष्टान्तिकात गोष्टीचा तत्त्वाशी सांधा. यांपैकी सूत्र आणि दृष्टान्त चक्रधरांचे. दार्ष्टान्तिक केशोबासांनी जोडले.

'स्मृतिचित्रे'ला ही परिभाषा लावून पाहिल्यास लक्ष्मीबाईंच्या लेखनाचे वेगळेपण उघड होते. त्या केवळ दृष्टान्त देतात. पदरी काही नसताना टिळक हातातले देऊन टाकतात आणि घरात चूल कशी पेटवावी ही विवंचना पत्नीच्या वाट्याला येते. प्लेगच्या दिवसांत दोघे रुग्णांच्या सेवेला जातात. पोरकी मुले घरात येतात आणि घरचीच होतात. प्रत्येक ठिकाणी बोध हाताशी असतो. लेखिका तो उचलत नाही. बहुतेक वेळा प्रसंगाचा शेवट पतीशी झालेल्या खटक्याने किंवा स्वतःच्या फजितीने होतो. मराठीतील नित्य उपासनेच्या गद्यात याच्या नेमके विरुद्ध घडताना दिसते. तेथे सूत्र आधी ठरते, प्रसंग त्याच्यासाठी शोधला जातो, आणि दार्ष्टान्तिक इतके ठळक असते की प्रसंगाला स्वतःचा जीव राहत नाही. दूध उतू गेले की लगेच संयमाचा धडा, दिवे गेले की जगाच्या प्रकाशाचा. असे लेखन सद्हेतूने केलेले असते, परंतु त्यातील संसार खरा वाटत नाही आणि म्हणून त्यातली श्रद्धाही उसनी वाटते.

लक्ष्मीबाईंच्या मौनाला केवळ कलात्मक संयम म्हणणे मात्र अपुरे होईल. त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. टिळकांच्या दातृत्वाचा गौरव सर्वांनी केला. त्या दातृत्वाचा हिशेब ठेवणारी एकमेव व्यक्ती लक्ष्मीबाई होत. उपासमार, अपत्यांचे मृत्यू, माहेरचे तुटणे या गोष्टींना लगेच देवाच्या योजनेचे नाव देणे त्यांना सोपे होते आणि त्यांच्या वाचकांना ते आवडलेही असते. त्यांनी ते केले नाही. दुःखाचा अर्थ परस्पर लावून मोकळे न होणे, हीच त्यांच्या श्रद्धेची प्रामाणिक खूण मानावी लागते.

या रीतीला मर्यादाही आहेत. विनोदाचे आवरण कधी कधी टिळकांच्या बेपर्वाईला फार स्वस्तात सोडून देते. वाचक कवीच्या विक्षिप्तपणावर हसतो आणि पत्नीचा उपवास विसरतो. चौथा भाग लेखिकेच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला व तो पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. तेथे साहजिकच चित्रणाची जागा वृत्तांताने घेतली आहे.

ग्रंथाच्या भाषांतरांचा उल्लेखही येथे उद्बोधक ठरेल. जोसेफीन इंक्स्टर यांच्या १९५० च्या इंग्रजी भाषांतराला 'आय फॉलो आफ्टर' हे शीर्षक मिळाले. ते पौलाच्या पत्राची आठवण देणारे आणि शिष्यत्वावर भर देणारे आहे. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ 'स्मृतिचित्रे' हेच नाव कायम ठेवले. पहिल्या शीर्षकाने मूळ ग्रंथात नसलेले दार्ष्टान्तिक पुरवले, असे म्हणता येईल. लक्ष्मीबाई पतीमागून चालल्या आणि म्हणून ख्रिस्तामागून चालल्या, असा अर्थ त्या शीर्षकातून सहज निघतो. मूळ ग्रंथ या अर्थाला जागोजागी हरकत घेतो. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे त्या मागून गेल्या नाहीत, आणि गेल्या तेव्हा आपल्या पायांनी गेल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. त्यातील आरंभीचे मोजके अध्याय टिळकांचे, उरलेल्यांपैकी बहुतेक त्यांचे.