जामा-तलाशी : एक सिनेमा आणि एक कलम

अंगझडतीला उर्दूत 'जामा-तलाशी' म्हणतात. जामा म्हणजे अंगावरचा कपडा. तलाशी कपड्यांची, कपड्याआतल्या माणसाची नव्हे, ही मर्यादा त्या शब्दातच आहे. करण जोहरचा 'माय नेम इज खान' (२०१०) पुन्हा पाहताना हा शब्द मनात घोळत राहिला. सिनेमा सुरूच होतो तो ही मर्यादा ओलांडून. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर रिझवान खानला बाजूला घेतात, त्याच्या अंगाची झडती होते आणि विमान निघून जातं.

हा प्रसंग आपल्या लोकांना मनापासून भिडला. पेण-रोह्याच्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत कमावतात. १९९३ साली दिघी-शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या मुसलमानाला संशयाची नजर समजावून सांगावी लागत नाही. तरीही हा प्रसंग मला अपुरा वाटतो. दिग्दर्शकाने झडतीचा प्रश्न नियमाचा न ठेवता स्वभावाचा केला आहे. रिझवान निरागस, आजारी, देवभोळा. म्हणून त्याच्यावर अन्याय झाला असं प्रेक्षकाला वाटतं. मग एखादा खान तापट असेल, अधिकाऱ्याला उलट बोलत असेल, तर त्याची अब्रू कमी का? सिनेमा या प्रश्नाकडे फिरकत नाही. चांगला मुसलमान सिद्ध करण्याच्या नादात तो अमेरिकाभर फिरतो.

दुसरं असं, की इथे झडती घेणारे हात दिसतात. हात दिसला की राग कुणावर धरायचा ते कळतं. पण त्याच वर्षी हाताची जागा यंत्र घेत होतं. याच सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी लंडनला गेलेल्या शाहरुखने फेब्रुवारी २०१० मध्ये एका ब्रिटिश दूरदर्शन कार्यक्रमात, हीथ्रोवर आपल्या स्कॅनच्या चित्रांवर सह्या घेतल्या गेल्या, असा किस्सा सांगितला. अशी चित्रं छापताच येत नाहीत, असं म्हणत विमानतळाने ते नाकारलं. खरंखोटं काही असो, लोक हसले. त्याच महिन्यात उत्तर अमेरिकेच्या फिक्ह कौन्सिलने मात्र गंभीरपणे सांगितलं, की स्त्री-पुरुषांना असं उघडं पाहणं इस्लामी शिकवणीच्या विरुद्ध आहे. त्याऐवजी हाताने झडती घ्यावी. पडद्यावर ज्या हाताने आपण दुखावलो, तोच हात इथे सुटकेचा मार्ग ठरला! या विरोधाभासात एका चांगल्या कथेचं बीज होतं. आपल्या मराठी लेखकांपैकी कुणी ती लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

यंत्रांबद्दल आपल्याकडे घोटाळाही फार आहे. सौम्य क्ष-किरण कातडीवरून परतवून कपड्याखालचं चित्र काढणारं यंत्र वेगळं आणि मिलिमीटर लहरींचं वेगळं; दुसऱ्यात क्ष-किरण नसतातच. क्ष-किरणांच्या यंत्राची एका खेपेची मात्रा फार थोडी, ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास. तरी युरोपीय संघाने २०११ मध्ये आरोग्याच्या काळजीने ती यंत्रं विमानतळांवरच्या परवानगीतून वगळली. अमेरिकेने २०१३ पर्यंत ती काढली, पण कारण निराळं : शरीराऐवजी साधी आकृती दाखवणारी प्रणाली त्यांना जमली नाही. एकाला हाडांची चिंता, दुसऱ्याला हयेची. भारतात २०१९ मध्ये विमानतळांसाठी बॉडी स्कॅनरचा आदेश निघाला, तो मिलिमीटर लहरींच्या यंत्रांचा.

म्हणजे आपल्याकडे क्ष-किरण माणसावर पडतच नाहीत? पडतात. सीमाशुल्क कायदा १९६२, कलम १०३. पोटात सोनं वा अन्य माल लपवल्याचा सबळ संशय असेल, तर माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. त्यांना कारण पटलं तरच क्ष-किरण तपासणीचा हुकूम, तीही पात्र डॉक्टरकडून. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट काढली : वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने विमानतळावरच्या यंत्रावर स्कॅन. मात्र त्या दुरुस्तीत 'संमती' हा शब्द आहे. असं सोनं आणणारे आपल्यातही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कलम त्यांच्याही बाजूने थोडं उभं राहतं. रिझवानसारखं निष्पाप असण्याची अट त्यात नाही. उलट, निव्वळ तस्करी पकडण्यासाठी माणसावर किरणोत्सार सोडणं सहसा समर्थनीय मानू नये, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची २०१४ ची मानकं म्हणतात. आपला कायदा आणि हे मानक यांच्यातलं अंतर कुणीतरी जाहीरपणे विचारायला हवं.

'खान'मध्ये असा एकही माणूस नाही, जो अधिकाऱ्याला विचारतो, 'कोणत्या कलमाखाली?' रिझवानच्या ओठी ते वाक्य शोभलं नसतं, मान्य. पण रांगेत मागे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी तोंडी घालता आलं असतं. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत, तो आपल्याच रायगडात आहे. त्या रांगेत पेणचा नि रोह्याचा माणूस उभा राहणार आहे, आणि संमती मागितली जाते की नुसती गृहीत धरली जाते, हे तिथे त्यालाच पाहावं लागेल.