ठेका जत्रेतला, नाव पडद्यावरचं

सीना नदीच्या एका अंगाला परंडा, दुसऱ्या अंगाला करमाळा आणि परंड्याला खेटूनच बार्शी. कागदावर हे तालुके धाराशिव आणि सोलापूर अशा दोन जिल्ह्यांत पडतात. परंडा तर 1948 पर्यंत निजामाकडे होतं आणि बार्शी-करमाळा 1947 पर्यंत इंग्रजांकडे. सोयरीक, बाजार आणि जत्रा यांच्या हिशेबाने मात्र हा मुलूख एकच राहिला. बार्शीत 1916 साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ करणारे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘फँड्री’तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, त्याच तालुक्यातल्या केमचा. थोडं दक्षिणेला मंगळवेढा, गायक प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्याचं मूळ गाव. गेल्या पाऊणशे वर्षांत मराठी माणूस ज्या गाण्यांवर वरातीत नाचला, ज्या गाण्यांवर मोर्चात उभा राहिला, त्यातला फार मोठा वाटा या कोरडवाहू पट्ट्याने दिला आहे.

अमेरिकेत असा एक पट्टा मिसिसिपी राज्यात आहे. कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांनी तिथे ब्लूज घडवला. 1941 मध्ये अॅलन लोमॅक्स वॉशिंग्टनच्या ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करत फिरत असताना स्टोव्हॉल मळ्यावर त्यांना मडी वॉटर्स भेटला. दोनच वर्षांनी तो शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली, आणि खेड्यातलं गाणं शहरी झालं. काळ्यांच्या तबकड्यांना तोवर व्यापारात ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. 1949 मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून त्या यादीचं नाव ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं. रॉक संगीताचं मूळ या यादीत आहे. सिस्टर रोझेटा थार्प चर्चची भजनं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, लुई जॉर्डन, फॅट्स डॉमिनो, बिग जो टर्नर आपापल्या गावच्या चालीने लोकांना नाचवत होते. 1951 च्या ‘रॉकेट 88’ या तबकडीवर गिटारचा आवाज फाटका, घोगरा येतो. अॅम्प्लिफायर वाटेत बिघडला होता आणि त्याच्या पडद्याच्या मागे कागद कोंबून वेळ मारून नेली होती. पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी तोच फाटका आवाज मुद्दाम मिळवण्यासाठी पैसे खर्च केले.

श्रेयाची वाटणी मात्र वेगळी झाली. ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामा थॉर्नटन यांनी 1952 मध्ये ध्वनिमुद्रित केलं. जगाला ते माहीत झालं 1956 मध्ये एल्विस प्रेस्लीच्या तोंडून. एल्विसची पहिली तबकडी 1954 ची, तीही आर्थर क्रुडप यांच्या 1946 च्या गाण्यावर. क्रुडपना हक्काची पूर्ण रक्कम मरेपर्यंत मिळाली नाही. थार्प यांचं नाव रॉकच्या सन्मानयादीत यायला 2018 साल उजाडलं.

मराठीत रॉकच्या मुळांचा विषय निघाला की बोलणं मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या जॅझ वादकांपासून सुरू होतं. ती कहाणी खरी आहे आणि रसाळही आहे. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांना हाताशी धरून 1951 मध्ये ‘अलबेला’त आणि 1957 मध्ये ‘आशा’त अमेरिकी नाचाचा झोक हिंदी गाण्यात आणला. रामचंद्र असामान्य संगीतकार होते. पण त्या वाटेने जे आलं ते तयार झालेलं संगीत होतं, समुद्रापलीकडून आलेलं. ऱ्हिदम अँड ब्लूज ज्या जागी उभा होता, म्हणजे गावकुसाबाहेर, देवळाच्या दाराशी, लग्नाच्या मांडवाबाहेर आणि संपाच्या सभेत, त्या जागी महाराष्ट्रात हलगी होती, संबळ होता, आराध्यांचा मेळा होता, आंबेडकरी जलसा होता. मराठी लोकप्रिय संगीताची मुळं शोधायची तर इथे खणावं लागतं.

हलगी दिसायला अगदी साधी. लाकडाचं किंवा लोखंडी पट्टीचं कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात लवचीक काडी. टिपरू बोल टाकतं, काडी त्या बोलांच्या मधली जागा भरत राहते. कातडं ओल धरतं, म्हणून वाजवण्याआधी गवताचा किंवा कागदाचा जाळ करून हलगी तापवावी लागते. वाजवणारा बोटाने टिचकी मारून आवाज तपासतो, पुन्हा जाळावर धरतो. नीट तापलेल्या हलगीचा आवाज भोंग्याशिवाय शिवारभर जातो. कुस्तीच्या फडात मल्ल भिडले की हलगीची लय चढते आणि डाव सुटला की उतरते. वादकाचा डोळा मल्लाच्या पायांवर असतो. मराठी ठेक्यांमध्ये एक झुलती चाल आहे. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे आणि मधला मोकळा सोडायचा. गोंधळात संबळावर ती सहज ऐकू येते, आणि ऱ्हिदम अँड ब्लूजचा ‘शफल’ नेमका याच हिशेबाने चालतो. एकाने दुसऱ्याकडून घेतलेलं नाही. चालत, नाचत, कष्ट करत गाणाऱ्या दोन समाजांची पावलं एका लयीत पडली, एवढंच म्हणता येईल.

हलगीबद्दल लिहिताना जातीबद्दल लिहिणं टाळता येत नाही. वाजवण्याचं काम मांग, महार, होलार या समाजांवर गावगाड्याने लादलं होतं. लग्न कुणाचंही असो, वाजवणाऱ्याने मांडवाबाहेर उभं राहायचं आणि बलुत्यावर समाधान मानायचं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने या कामाला नकार दिला, आणि 1956 च्या धर्मांतरानंतर असंख्य घरांनी वाद्य खाली ठेवलं. लोककलेचे चाहते यावर हळहळतात. ती हळहळ एकांगी आहे. ज्या वाद्याच्या दोरीला गुलामी बांधलेली होती ते टाकून देण्याचा हक्क वाजवणाऱ्याचाच होता. शिवाय संगीत थांबलं नाही, त्याने जागा बदलली. भीमराव कर्डक यांच्या जलशांनी 1930 च्या दशकात तमाशाचा बाज घेतला आणि त्यातली बतावणी जातिव्यवस्थेवर फिरवली. वामनदादा कर्डक यांनी हजारो गीतं लिहिली, आणि ती कव्वालीच्या, भजनाच्या, सिनेमाच्या चालींवर वस्त्या-वस्त्यांत गेली. चर्चच्या गाण्यात नवे शब्द भरून रे चार्ल्स यांनी 1954 मध्ये जे केलं, तीच हातोटी इथल्या गायकांनाही साधली होती.

इकडे बार्शीच्या गिरणीतून आलेले अमर शेख 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले. त्यांचा पहाडी आवाज गाजला, पण त्या आवाजाचं पहिलं शिक्षण घरात आईच्या ओव्यांवर झालं होतं, ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

प्रल्हाद शिंदे यांच्याइतकं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या गायकांच्या जवळ जाणारं दुसरं मराठी नाव नाही. 1933 चा जन्म, लहानपण गात-वाजवत दारोदार फिरण्यात गेलं, तालीम कव्वालीच्या मैदानी मुकाबल्यांची. त्यामुळे आवाज असा घडला की सूर आधी फेकायचा आणि मग आवरायचा. बौद्ध समाजातला हा गायक भीमगीतं गात होता, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक देवळाच्या भोंग्यावर पहाटे वाजणारी विठ्ठलाची गाणीही त्याचीच होती. वारीच्या वाटेवर त्यांचं गाणं लावणाऱ्या किती गावांनी त्यांना आपल्या देवळात बसवलं असतं, हा प्रश्न त्यांच्या हयातीत फारसा कुणी विचारला नाही. 2004 मध्ये ते गेले. पुढे आनंद आणि मिलिंद या मुलांनी कॅसेटच्या जमान्यात लग्नाच्या वराती काबीज केल्या, आणि नातू आदर्श आज सिनेमात गातो. तीन पिढ्यांचा हा प्रवास म्हणजे मराठी लोकप्रिय संगीताचा इतिहासच आहे, आणि त्यावर एक सविस्तर, सांगीतिक अंगाने लिहिलेला ग्रंथ कधीच यायला हवा होता.

बायकांची नावं तर आणखी मागे पडली. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याच्या येडेश्वरीला चुनखडी वेचायला गर्दी लोटते, नवरात्रात तुळजापूरची वाट भरून जाते, चैत्रातच परंडा तालुक्यातल्या सोनारीला भैरवनाथाची जत्रा भरते. या वाटांवर गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि पोत घेतलेल्या आराधिणी गातात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. संबळ, झांज आणि तुणतुणं एवढ्यावर रात्र निघते. मधूनच पुढची बाई ओळ अर्धी सोडते, संबळवाला ती जागा भरून काढतो, आणि मेळा पुन्हा समेवर येतो. हे कुणी शिकवलेलं नाही, वर्षानुवर्षं एकत्र गाऊन आलेलं आहे. या आवाजांत खर आहे, धार आहे, श्वासाची कमाई आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीतं गाताना मोबाइलवर दिसल्या तेव्हा शहरी श्रोता चकित झाला. मराठवाड्यातल्या गावांनी असे आवाज कायमच ऐकलेले होते.

सिनेमाने हा खजिना वापरला, आणि सगळाच वाईट वापरला असं नाही. अजय-अतुल यांनी 2004 मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’त आणि 2009 मध्ये ‘जोगवा’त गोंधळ-जोगव्याचा ठेका मोठ्या वाद्यवृंदासमोर ताठ मानेने उभा केला. ‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. ‘लल्लाटी भंडार’मध्ये तालवाद्यं पुढे राहतात आणि बाकीचा मेळ त्यांच्या मागून येतो. ‘सैराट’ 2016 चा. त्याच्या गाण्यांचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला, आणि ‘झिंगाट’ मात्र वरातीच्या बेंजो पार्टीचा जोश घेऊन आलं. ही दोन टोकं एका चित्रपटात नांदली, हे त्या जोडीचं खरं कर्तृत्व. बेंजो म्हणजे जपानी वाद्यावरून आलेला बुलबुलतरंग. त्याला पिकअप लावून भोंग्यात सोडला की ‘रॉकेट 88’सारखाच करकरीत, फाटका आवाज निघतो. मराठी कानाने तो कधीच आपला मानला आहे.

‘फँड्री’ने ‘सैराट’च्या आधीच एक पाऊल पुढे टाकलं होतं. सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा मुलगा म्हणूनच मंजुळे यांच्या नजरेत भरला होता. जब्याच्या हातात हलगी असते तेव्हा तो गावातल्या कुणापेक्षा कमी नसतो. त्याच गावात त्याच्या कुटुंबाला डुकरं पकडावी लागतात, आणि शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या आंबेडकर, फुले, शाहूंच्या चित्रांसमोरून पकडलेलं डुक्कर नेलं जातं. वाद्य आणि अपमान यांचं नातं पडद्यावर इतकं स्पष्ट त्याआधी आलेलं नव्हतं.

यानंतरचं चित्र विसकटलेलं आहे. लग्नात, मिरवणुकीत हलगीचा तुकडा संगणकात भरून तोच तो फिरवला जातो, खाली धडधडता बास लावला जातो. काडीची बारीक कुजबुज त्यात सगळ्यात आधी मरते, लय चढवणं-उतरवणं उरतच नाही. मुद्दा तंत्रज्ञानाचा नाही. मडी वॉटर्सनेही वीज जोडली होती, पण वाजवणारा हात त्याचा होता. दुसरीकडे आशा वाटावी असंही बरंच घडतं आहे. संभाजी भगत यांची शाहिरी ‘कोर्ट’सारख्या चित्रपटातून जगभर ऐकली गेली. कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्स’ने रॉकच्या बाजात बुद्ध-आंबेडकर मांडले, अमरावतीच्या विपिन तातड यांनी रॅप हाती घेतला. चेन्नईत 2018 पासून ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड तमिळ ‘गाना’ गीतं आणि रॉक यांची सांगड घालतो आहे. या मुलांना हलगीची लाज वाटत नाही. आजीने किंवा बापाने खाली ठेवलेलं वाद्य स्वतःच्या अटींवर हाती घेणं, हा बदल फार मोठा आहे.

पैशाचं काय? रूथ ब्राऊन यांच्या तबकड्यांवर अटलांटिक कंपनी उभी राहिली आणि त्यांना स्वतःला मात्र पुढे घरकाम करून दिवस काढावे लागले. त्या भांडल्या. 1988 मध्ये कंपनीने हिशेब पुन्हा केला आणि जुन्या कलाकारांसाठी ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, गायकांची संघटनाही झाली. पारंपरिक चालीला मात्र मालक नसतो, आणि स्टुडिओत येऊन हलगी वाजवणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळते. राज्य सरकारचं वृद्ध कलावंतांसाठीचं मानधन 2024 पासून महिना 5000 रुपये झालं. दिलासा आहे, पण तो वयाचा आहे, कामाचा मोबदला नव्हे.

मोबदला मागायचा तर आधी नोंद हवी, आणि नोंदीचा एक उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी 1980 च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. हलगी, संबळ, आराधी मेळे यांच्या वाट्याला एवढं मोठं काम आलेलं नाही. ते करायला स्टुडिओ लागत नाही. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या माळावर चारी बाजूंनी मेळे उतरतात. परंडा, भूम, कळंब, बार्शीच्या महाविद्यालयांतली मराठीची मुलं मोबाइल आणि वही घेऊन तिथे बसली, संबळवाल्याचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, ठेका आणि गाव एवढं जरी लिहून घेतलं, तरी एका मोसमात कामाला तोंड फुटेल. मग पुढच्या गाजलेल्या चित्रपटाच्या नामावलीत वादकाचं नाव मागायला हातात काहीतरी असेल.