गंजिफाच्या दुकानाला खिडकी हवी

मंडळी, सार्वजनिक ठिकाणी असलेलं हस्तकलेचं दुकान आतून कसं असावं, हे बोलायला आम्ही तुम्हाला रत्नागिरीहून जरा दक्षिणेला नेतो. परका मुलूख नाही, सावंतवाडी १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. तिथला राजवाडा भोसले घराण्याचा, पण तिकीट काढून कुणीही आत जावं. दरबार हॉलमध्ये कलाकार गंजिफा रंगवत बसतात आणि तिथंच त्या विकतही मिळतात. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी विझत चाललेली ही कला पुन्हा उभी केली.

काम आणि विक्री एका दालनात, हा त्यातला खरा शहाणपणा. रंगवणारा हात समोर दिसला की घासाघीस करणारा आपोआप गप्प होतो.

पण गंजिफा आपण आता चित्र म्हणून घेतो. चौकट करायची, भिंतीवर लावायची. सौंदर्य निर्हेतुक नजरेनं पाहावं, हे कांटचं म्हणणं आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. गंजिफाच्या दुकानात मात्र त्याचं ऐकू नये. दशावतारी संचात १२० गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांनी खेळायचा हा डाव आहे. गोल पानं पत्त्यांसारखी हातात पिसता येत नाहीत, चादरीवर पसरून कालवावी लागतात. म्हणजे काउंटर काय कामाचा? जाजम पाहिजे.

आणि उतारी कुणाची? दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा, त्याची. सूर्य मावळल्यावर कृष्णाचा राजा असेल त्याची. हा खेळ बाहेर ऊन आहे का विचारतो हो! ट्यूबलाइटच्या दुकानात त्याला उत्तर कोण देणार?

रेल्वेचे २०२२पासूनचे ‘एक स्थानक एक उत्पादन’ स्टॉल आहेत, त्यांच्याकडून आम्ही ही अपेक्षा करणार नाही. गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबणार, तिथं काजू घ्यावेत आणि चढावं. पण राजवाड्यात, संग्रहालयात माणूस फुरसतीनं आलेला असतो. तिथं खिडकीशी तिघांची बैठक घाला. हातानं रंगवलेला संच मळेल अशी धास्ती असेल तर छापील ठेवा. मळला तर मळू दे, आणि विक्रीला बसणाऱ्याला डाव मांडून दाखवता आला पाहिजे.