सत्त्याऐंशी टक्के कोणाचे?

अँजेलिना जोली या अमेरिकी अभिनेत्रीचा ‘माय मेडिकल चॉइस’ हा छोटा लेख १४ मे २०१३ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना दाखला म्हणून तो हाताशी येतो. म्हणूनच तो विज्ञानाच्या कसोटीवर तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम लेखाचे गुण. बीआरसीए-१ हे जनुक पेशीतील डीएनएची मोडतोड दुरुस्त करण्याच्या कामी येते. त्यात उपजत दोष असेल, तर स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. श्रीमती जोली यांच्या आई वयाच्या ५६व्या वर्षी कर्करोगाने वारल्या. स्वतःच्या तपासणीत हा दोष आढळल्यावर श्रीमती जोली यांनी निरोगी असतानाच दोन्ही स्तनांवर शस्त्रक्रिया करून घेतली. त्यामुळे धोका ८७ टक्क्यांवरून ५ टक्क्यांच्या खाली आला, असे त्या लिहितात. स्तनकर्करोगाचा थोडाच भाग आनुवंशिक असतो आणि तपासणीचा खर्च अनेकींच्या आड येतो, हेही त्या सांगतात. लेखात कुठेही भडकपणा नाही.

उणीव आहे ती आकड्याच्या मांडणीत. ८७ टक्के हा डॉक्टरांनी एका स्त्रीपुरता केलेला अंदाज होता. सरासरी धोका ६५ टक्के, असे लेखातच आहे. पण वाचकाच्या लक्षात राहतो तो मोठा आकडा. २०१७ साली जवळजवळ दहा हजार दोषवाहक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत वयाच्या ८० वर्षांपर्यंतचा धोका बीआरसीए-१साठी ७२ टक्के, तर बीआरसीए-२साठी ६९ टक्के निघाला.

दुसरी उणीव आमच्या मते अधिक मोठी. हा लेख निरोगी स्त्रीचा आहे. पुष्कळ स्त्रियांना जनुकातील दोष कळतो तो एका स्तनाला कर्करोग झाल्यानंतर. नागफणीजवळच्या कुरवंडे गावातील अशा एका बाईची कल्पना करू. घाट उतरून ती खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत गेली आणि तपासणीत बीआरसीए-१मध्ये दोष निघाला. आता दुसरा स्तनही काढावा काय? ८७ हा आकडा तिच्या कामाचा नाही. वरील पाहणीनुसार पहिल्या कर्करोगानंतर २० वर्षांत दुसऱ्या स्तनाला कर्करोग होण्याचा धोका बीआरसीए-१मध्ये ४० टक्के, बीआरसीए-२मध्ये २६ टक्के आहे. म्हणजे तिच्यासारख्या शंभरजणींपैकी चाळीसजणींना तो होईल, साठजणींना होणार नाही.

शस्त्रक्रियेने हा धोका बहुतांशी टळतो, हे खरे. परंतु पहिल्या गाठीतील पेशी अगोदरच शरीरात पसरल्या असतील, तर निरोगी स्तन काढून त्या थांबत नाहीत. शिवाय धोका वीस वर्षांवर विभागलेला असतो; पस्तिशीतील आणि पासष्टीतील स्त्रीला त्याचा अर्थ सारखा नाही. दरवर्षी एमआरआय व मॅमोग्राफी करीत राहणे हाही मार्ग आहे. त्याने रोग टळत नाही, पण लवकर सापडतो.

तिसरा मुद्दा क्रमाचा. स्तनाचा धोका अंडाशयाच्या ५० टक्क्यांहून मोठा, आणि शस्त्रक्रियाही अधिक गुंतागुंतीची, म्हणून आपण स्तनांपासून सुरुवात केली, असे श्रीमती जोली सांगतात. पण मोठा आकडा म्हणजे मोठे संकट, असे नेहमीच नसते. अंडाशयाचा कर्करोग लवकर ओळखणारी भरवशाची चाचणी नाही. त्यांनी अंडाशये काढल्याचे मार्च २०१५मध्ये लिहिले. त्या लेखाचा गाजावाजा मात्र कमी झाला.

कुरवंड्याच्या बाईंची गोष्ट त्यांच्यापाशीच संपत नाही. त्यांच्या प्रत्येक मुलात, मग मुलगी असो वा मुलगा, हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. भाऊ-बहिणींनाही बहुधा तेच गणित लागू. दोष वडिलांकडूनही येतो, हे वर्गात आवर्जून सांगायला हवे. नाहीतर ‘आईचा रोग’ म्हणून बोल एकट्या आईलाच लागतो.

हा लेख वर्गात जरूर वाचावा. मात्र ८७ हा आकडा फळ्यावर लिहिताना त्याशेजारी तीन प्रश्नही लिहावेत : धोका कोणाला, कशाचा आणि किती वर्षांत? विद्यार्थ्यांनी उत्तरे लेखात शोधावीत. न सापडलेले उत्तर डॉक्टरांना विचारायचे असते, एवढे त्यांना उमगले, तर उद्या घरातील कोणावर अशी वेळ आल्यास ते उपयोगी पडेल.