सर्वांचा एकच क्रूस

मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चच्या आवारात जे दगडी क्रूस उभारले गेले, त्यांचा परामर्श बहुधा शिल्पकलेच्या अंगाने घेतला जातो. ग्लॉस्टरशायरमधील अँप्नी क्रूसिस येथील क्रुसाचेच पाहावे. त्याचा कोरीव शिरोभाग चर्चच्या भिंतीत चिणलेला होता. तो एकोणिसाव्या शतकात सापडला व पुन्हा स्तंभावर बसविण्यात आला. त्यावरील क्रुसावर खिळलेला ख्रिस्त आणि बालयेशूसह मरिया ही शिल्पे अभ्यासकांस मोलाची वाटावीत, हे योग्यच होय. तथापि तेवढ्यावरच थांबल्यास क्रुसाचे धर्मग्रामातील कार्य दृष्टीआड होते, असे आम्हांस वाटते.

हे कार्य दुहेरी होते. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक चर्चबाहेर येऊन बहुधा या क्रुसापाशी थांबे. पवित्र साक्रामेंत घेऊन निघालेली दुसरी मिरवणूक तिला तेथे मिळे आणि शुभवर्तमानाचे वाचन होई. दुसरे कार्य अधिक मूक होते. धनिकांना चर्चच्या आत कोरीव थडगी लाभत; बाहेर पुरलेल्या सामान्य जनांच्या कबरांवर सहसा टिकाऊ खूण नसे. त्या साऱ्यांसाठी मिळून हा एकच क्रूस उभा असे.

इ. स. १६४३ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने चर्चमधील व आवारांतील क्रूस आणि संतांच्या प्रतिमा नष्ट करण्याचा हुकूम काढला. सुधारणावाद्यांची चिंता निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही. दगडाला ख्रिस्ताचे स्थान मिळण्याचा धोका खराच आहे. परंतु त्याच हुकुमाने राजे, सरदार व संत न गणलेल्या अन्य मृतांच्या स्मारकांना आणि कुलचिन्हांना अभय दिले. सरदाराची प्रतिमा राहिली. निनावी जनांचा सामायिक क्रूस मात्र भंगला. अनेक ठिकाणी पायऱ्या आणि स्तंभाचा खुंट तेवढा उरला. मूर्तिपूजा टाळण्याच्या भरात मानवी प्रतिष्ठेची पूजा अबाधित राहिली, हा या घटनेतील धर्मशास्त्रीय विरोध कलासमीक्षेच्या कक्षेत येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर अनेक इंग्लिश गावांनी युद्धात पडलेल्यांसाठी चर्चच्या आवारात पुन्हा एक क्रूस उभारला. सामायिक शोकाला सामायिक खूण लागते, हे त्यांस उमगले असावे.

पुनरुत्थानावरील श्रद्धा आपण एकमुखाने प्रकट करतो. आपल्या दफनभूमीतील संगमरवर मात्र कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे उंचावत असेल, तर ज्यांच्या कबरेवर दगडच नाही त्यांच्यासाठी मंडळीने काय उभारले आहे, हा प्रश्न प्रत्येक धर्मगुरूने स्वतःस विचारावा.